दोरी बी वाकडी

अंबूबाई खोटं बोलली नव्हती. चौकट तिला वाकडी दिसली, म्हणून ती वाकडी आहे असं म्हणाली. एवढ्याशा गोष्टीवरून घरात, भावकीत आणि पार आजऱ्यापर्यंत जी बोंब झाली, ती गावात चोरी झाली तरी होत नाही.

त्याचं असं झालं. कागलच्या अलीकडं, हायवेपासून आत असलेल्या गावात अंबूबाईच्या मुलानं, विजयसिंहानं, नवं स्लॅबचं घर बांधलं. घराची पुढची चौकट आली ती आजऱ्याहून, सुनेच्या माहेराहून. सुनेचं नाव तेजस्वी. तिची आई बायडाबाई, म्हणजे अंबूबाईची विहीण. तिनं आपल्या परड्यातला जुना फणस उतरवला, त्याची चौकट घडवून घेतली, तिला हळदकुंकू लावलं आणि टेम्पोत घालून पाठवून दिली. लेकीच्या घराचा उंबरा आपल्या झाडाचा असावा, ही तिची हौस. पिवळ्याधमक लाकडाची चौकट बसली, पूजा झाली, सगळे कौतुकानं हात फिरवून बघायला लागले. अंबूबाई मात्र डोळे बारीक करून लांबूनच बघत राहिली.

"विजू, ह्या डाव्या खांबाला मधी पोट आलंय की रं," ती म्हणाली. "चौकट वाकडी बसलीया."

तेजस्वीचं तोंड एवढंसं झालं. आईनं पाठवलेल्या चौकटीला सासूनं पहिल्याच दिवशी नाव ठेवलं होतं. अंबूबाईचा नवरा केरबा नेहमीप्रमाणं गप्प बसला. केरबा म्हणजे घरातला खांब. टेकायला बरा, बोलायला उपयोगाचा नाही. पण त्याचा चुलतभाऊ गणपतराव तिथंच होता आणि गप्प बसणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. बिडी ओढत गावाला सल्ला देणं हा गणपतरावाचा मुख्य धंदा, शेती आपली जोडधंदा.

"गवंडी, ओळंबा आण रं," गणपतरावानं हुकूम सोडला. "वैनींची शंका एकदाची फेडून टाकू."

गवंड्यानं ओळंबा आणला. दोरीला खाली लोखंडी वजन, वरून सोडलं की दोरी सरळ खाली. दोरी चौकटीशेजारी लोंबू लागली, डुलली, थांबली. लाकूड आणि दोरी यांच्यात वरपासून खालपर्यंत केसाचाही फरक नव्हता.

"बगा वैनी. हाय का कुठं पोट?"

अंबूबाईनं बघितलं. नीट बघितलं. पदरानं डोळे पुसून परत बघितलं. "भावजी," ती म्हणाली, "तुमची दोरी बी वाकडी हाय."

मग जो हशा झाला म्हणता! गवंडी हसला, सुतार हसला, भावकीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गणपतरावाला तर हसता हसता बिडीचा ठसका लागला. "अवं वैनी, चौकट सरळ, दोरी सरळ. वाकडी हाय ती तुमची नजर!"

आता इथं जरा थांबायला पाहिजे. त्या अंगणात गवंडी होता, सुतार होता, कॉलेज शिकलेला मुलगा होता, पदवी घेतलेली सून होती. वजन बांधलेली दोरी वाकडी लोंबत नाही, हे त्यातल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं. मग ती एखाद्याला वाकडी दिसत असेल तर दोष कुठं आहे? शेंबडं पोरसुद्धा सांगेल. गणपतराव तर बरोबर उत्तर तोंडानं बोलूनही गेला होता. पण आपल्याकडं 'नजर वाकडी' याचा अर्थ एकच, मनात खोट. लोकांनी म्हण उचलली आणि म्हातारीचा डोळा तिथंच टाकून दिला. संताप येतो तो ह्याचा.

संध्याकाळच्या आत फोन आजऱ्याला पोचला. बायडाबाईनं ऐकलं ते असं: इहीणबाईंनी आमच्या फणसात खोट काढली, ओळंबा लावून दाखवला तरी ऐकेनात, दोरीलाच वाकडी म्हणाल्या.

त्यानंतर अंबूबाईनं चौकटीचं नाव काढलं नाही. पण डोळ्यांचं काही बरं नव्हतं. तांदूळ निवडायला बसली की सुपाच्या कडेचे दाणे स्वच्छ दिसायचे आणि जिथं बघावं तिथंच काहीतरी पुसल्यासारखं व्हायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख गायब, चौकटी तेवढ्या शिल्लक, त्याही लाटा आल्यासारख्या. आणि मग हळूहळू माणसांची तोंडं जायला लागली. समोर माणूस उभा असायचा. पदर दिसायचा, कान दिसायचे, कानातली फुलं दिसायची. मधल्या तोंडाच्या जागी मात्र पाणी सांडलेल्या पाटीसारखा डाग.

तिनं मुलाला सांगितलं नाही असं नाही. "विजू, डोळ्याम्होरं डाग आल्यागत हुतंय रं."

"मोतीबिंदू असंल. वय झालं की हुतंयच की," विजयसिंह मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला.

"मोती कच्चा काढायचा नसतोय," गणपतरावानं लगेच पुस्ती जोडली. "पिकू दे. पिकला की सालीगत निघतोय."

त्याच सुमारास कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त शाळेत नेत्रशिबिर झालं. पुढाऱ्याचा फ्लेक्स शाळेपेक्षा उंच होता. त्यात तो गॉगल घालून दूर कुठंतरी बघत होता, गावाकडं मात्र बघत नव्हता. रांगेत एका मुलानं अंबूबाईच्या डोळ्यावर बॅटरी मारली आणि सांगितलं, "मोतीबिंदूची सुरुवात आहे आजी, पिकला की या." तिच्या हातात काळा चष्मा दिला, पुढाऱ्याबरोबर फोटो काढला, झालं शिबिर. डोळ्याच्या आत काय आहे ते कुणी डोकावून बघितलंच नाही. दारावरून परत जाणाऱ्या पोस्टमनसारखी ती तपासणी.

शेतकऱ्याच्या घरात 'पिकू दे' म्हटलं की पुढं कुणी वाद घालत नाही. ऊस पिकायला थांबतात, आंबा पिकायला थांबतात. तशी अंबूबाई आपला डोळा आढीत घालून पिकायची वाट बघत बसली.

मधल्या काळात गोठ्यातल्या मुऱ्हा म्हशीच्या डोळ्याला पाणी यायला लागलं. विजयसिंह ताटावरून उठला, गाडी काढली आणि जनावरांच्या डॉक्टरला घेऊनच परत आला. डॉक्टरनं म्हशीचा डोळा धुतला, पापणी उलटी करून बघितली, औषध घातलं. अंबूबाई गोठ्याच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती काही बोलली नाही, पण ते तिच्या मनात रुतून बसलं.

न बोलायला आणखी एक कारण होतं. तेजस्वीला दिवस गेले होते. अंबूबाईची सगळी आस आता एका गोष्टीवर लागली होती, बाळाचं तोंड बघायचं आणि त्याला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं. शेजारच्या धोंडुबाईच्या घरी काय झालं ते तिनं बघितलं होतं. धोंडुबाईच्या सासूचे डोळे गेले, तशी तिची खाट मागच्या सोप्यात गेली. नातवंड रांगत तिच्याकडं निघालं की कुणीतरी धावत जाऊन उचलायचं. "म्हातारीला दिसत न्हाय, पाडंल पोराला." म्हातारी हात पुढं करून तशीच बसून राहायची. आपलं तसं होऊ नये म्हणून अंबूबाईनं तोंड शिवून घेतलं. माणसं ती आवाजावरून ओळखायला लागली, चालण्यावरून, बांगड्यांच्या किणकिणीवरून ओळखायला लागली. वाटेत कुणी न बोलता पुढून गेलं की मात्र फसायची. "अंबूबाईला लई माज आलाय, वळख बी दाखवत न्हाय," असं गावात झालं. घ्या. डोळे गेले हिचे आणि राग आला गावाला.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. आजऱ्याहून बायडाबाई यायची होती, लेकीला बाळंतपणाला घेऊन जायची होती. चौकटीची कटुता आता मिटवून टाकायची, असं अंबूबाईनं मनाशी घेतलं. विहिणीसाठी चांगली इरकल आणून ठेवली. सगळ्यांच्या आधी तिला कुंकू लावायचं, साडी हातात द्यायची, मान करायचा. बायडाबाईचा आवाज भरड, माळ्यावरून हाक मारल्यासारखा. एक शब्द बोलली तरी ओळखू येईल, याची तिला खात्री होती.

पण गणपतरावानं हौसेनं स्पीकर आणले होते. स्पीकर सुरू झाला आणि कुणाचाच शब्द कुणाला ऐकू येईना. त्यात डोहाळजेवण म्हणून झाडून सगळ्या बायका हिरव्या साड्या नेसून आलेल्या. अंबूबाई कुंकवाची कोयरी घेऊन उभी राहिली तेव्हा तिच्यासमोर नुसती हिरवी रांग होती. हिरवे पदर, हिरव्या बांगड्या, आणि प्रत्येकीच्या तोंडाच्या जागी तोच डाग.

बायडाबाई रांगेत पहिली उभी होती. मानाची विहीण, चौकटीचा राग गिळून आलेली. तिनं कपाळ जरासं पुढं केलं. अंबूबाईचा हात क्षणभर अडखळला, तिच्यापुढून सरकला आणि शेजारी उभ्या असलेल्या धोंडुबाईच्या कपाळावर जाऊन टेकला. कुंकू लागलं. इरकलही धोंडुबाईच्या हातात गेली. धोंडुबाईला काही कळलं नाही, पण साडी चांगली होती, तिनं घेतली.

पुढं केलेलं कपाळ तसंच राहिलं. मग बायडाबाई मागं सरली, लोटत वाट काढत बाहेर गेली. कुणीतरी स्पीकर बंद केला आणि तेव्हा कुठं तिचा भरड आवाज अंगणातून आत आला. "आमचं फणस वाकडं, आता आमचं कपाळ बी दिसंना झालं व्हय? तेजू, पिशवी भर. हितनं म्होरं ह्या उंबऱ्यात माझं पाऊल न्हाय पडायचं!"

"आई, मुद्दाम केलंस व्हय गं?" विजयसिंह आत येऊन ओरडला. "चार माणसांत माझी मान खाली घातलीस!"

अंबूबाई काय सांगणार? सांगितलं तर खाट मागच्या सोप्यात. ती कोयरी खाली ठेवून मागं स्वयंपाकघरात जाऊन बसली. बाहेर पंगतीचा विस्कोट झाला होता, माणसं कुजबुजत पांगत होती. कुणीतरी दारात येऊन उभं राहिलं. हिरवी साडी. न बोलता उभं होतं. अशा वेळी मागच्या दारानं यायची सवय धोंडुबाईची.

"ये धोंडुबाई. बस," अंबूबाई म्हणाली. "साडी परत द्यायला आलीस व्हय? असू दे. तुझी काय चूक न्हाय. चूक माझी बी न्हाय गं. मला तिचं तोंडच दिसलं न्हाय."

दारातली बाई हलली नाही.

"कुणाचंच दिसत न्हाय," अंबूबाईचा बांध फुटला. "तू आत्ता म्होरं हाईस तर तुझा पदर दिसतोय, तोंड न्हाय. तवा चौकट वाकडी दिसली म्हणून बोलले, तर दात काढलं समद्यांनी. म्हणत्यात मोती हाय, पिकू दे. काय पिकतंय गं हे? रोज थोडं थोडं जातंय. आन् इहिणीला कसं सांगू? आंधळ्या सासूच्या मांडीवर कोण प्वार देतंय? तुझ्या सासूचं बघितलंय की मी. एकडाव नातवंडाचं तोंड दिसू दे, मग गेलं डोळं तर जाऊ देत. पर आधी न्हाय."

दारातल्या बाईनं भिंतीला हात टेकला. मग बोलली ती भरड आवाजात. "इहीणबाई, मी बायडा हाय."

विहीण आली होती ती चार शब्द सुनवायला, हे आता तिला कळलं. ती उठायला लागली तसा बायडाबाईनं तिचा दंड धरला आणि तिला घेऊन तडक पुढच्या अंगणात आली. तिथं विजयसिंह आणि गणपतराव खुर्च्या आवरत होते.

"पावणं!" बायडाबाईनं जावयाला हाक मारली तशी गोठ्यातली म्हैससुद्धा बघायला लागली. "माझ्या फणसाची परीक्षा घ्यायला ओळंबा आणलासा. आईच्या डोळ्याची परीक्षा घ्यायला काय आणलासा?"

"म्हंजी? मामी, तिला मोतीबिंदू—"

"सरळ दोरी वाकडी दिसतीया म्हणून ही बाई ओरडून सांगतीया, आन् तुमी दात काढलासा! लाकडाची एवढी काळजी. आईचा डोळा काय परड्यातली पपई हाय, पिकायची वाट बघत बसायला? मी बी त्यातलीच. फणसाचा राग धरून आजऱ्यात फुगून बसले. पर मी लांब हुते. तुमी एका ताटात जेवत हुतासा, तुमाला दिसलं न्हाय? मग आंधळं कोण वो, ती का तुमी?"

"अवं पण वयानं हुतंच की असं," गणपतराव मध्ये बोलायला गेला.

"तुमी गप बसा! तुमच्या सल्ल्यानंच ही पाळी आलीया." गणपतराव खरोखर गप्प बसला. गावानं ते पहिल्यांदाच बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयसिंहाची गाडी कोल्हापूरला निघाली. मागच्या सीटवर दोन्ही विहिणी. शाहूपुरीत डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टर होत्या, डॉक्टर ऋता. त्यांनी अंबूबाईच्या डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, यंत्रातून आतलं बघितलं, फोटो काढले. मग बारीक चौकटी आखलेला एक कागद पुढं धरला. एक डोळा झाकायला लावला. "आजी, या रेघा कशा दिसतात?"

"तुमची चौकट बी वाकडीच हाय की वो," अंबूबाई दबकत म्हणाली. हसतील म्हणून तिनं आधीच मान खाली घातली.

डॉक्टर हसल्या नाहीत. "असं कधीपासून दिसतंय?"

"नवं घर बांधलं तवापासनं. ओळंब्याची दोरी बी वाकडी दिसलीती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विजयसिंहाकडं बघितलं. "हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"व्हय, पर आमाला वाटलं मोती हाय... पिकल्यावर काढू..."

"मोतीबिंदूसाठीसुद्धा आता पिकायची वाट कुणी बघत नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण राग लपला नाही. "आणि हा मोतीबिंदू नव्हे. डोळ्याच्या आत मागं पडदा असतो. वयानं त्याचा मधला भाग झिजतो. काहींच्या त्याच्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवतात, त्यातून पाणी झिरपतं, रक्त झिरपतं. तोंडं ओळखायची, वाचायचं, सुई ओवायची ती ह्याच मधल्या भागानं. सरळ रेघ वाकडी दिसणं ही डोळ्यानं मारलेली हाक असते. त्या दिवशी आईला गाडीत घालून आणायचं होतं. यात पिकत काही नाही. यात नासतं. मोतीबिंदूनं गेलेली नजर ऑपरेशननं परत येते, ही गेली की येत नाही."

मग अंबूबाईनंच विचारलं, "माझं किती गेलंय?"

"डाव्या डोळ्याचा मधला भाग गेलाय आजी. तिथं वण आलाय, त्याला आता उपाय नाही. उजव्यात ताजं पाणी साठलंय, तो वाचवायला जागा आहे. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, आणि ते परत परत द्यावं लागेल. आजच सुरू करू."

डोळ्यात सुई म्हटल्यावर विजयसिंह मटकन स्टुलावर बसला. माजलेला बैल वेसणीला धरून उभा करणारा गडी, त्याला घाम फुटला. अंबूबाईचं काही बिघडलं नाही. "द्या," ती म्हणाली. "पर एक सांगा बाई. ओळंब्याच्या दिवशी आलो असतो तर डावा राहिला असता?"

"खात्री देता येत नाही. पण राहण्याची शक्यता चांगली होती."

अंबूबाईनं मान हलवली. तिला रडू आलं नाही, राग आला. इतके महिने मोती पिकायच्या नावाखाली झाकून ठेवलेला राग.

इंजेक्शन झालं. परतीच्या वाटेवर गावचा फाटा आला. फाट्यावर गाडी वळली आणि अंबूबाई म्हणाली, "विजू, म्हशीच्या डोळ्याला पाणी आलं तवा तू ताटावरनं उठलास. मी दूध देत न्हाय म्हणून व्हय रं?"

विजयसिंहानं गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो रडायला लागला. अंबूबाईनं त्याला गप केलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. बायडाबाईनं हात पुढं केला तर तिनं तोही धरून ठेवला. रडू दे म्हणाली. माझा डोळा गेलाय, ह्याची दोन आसवं गेली तर काय बिघडत न्हाय.

डॉक्टरांनी तो चौकटींचा कागद घरी दिला होता. रोज एकेक डोळा झाकून बघायचं, रेघ नव्यानं वाकली तर त्याच दिवशी यायचं. अंबूबाईनं कागद भिंतीला लावला, पण तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. "मला माझी दोरी बास हाय," ती म्हणाली. गवंड्याकडून ओळंबा मागवला आणि फणसाच्या चौकटीला वरून खिळा मारून डाव्या खांबाला लागून कायमचा टांगायला लावला. केरबानं खिळा मारला. "मी तवा बोलायला पायजे हुतं," एवढंच तो म्हणाला. त्याच्यासाठी तेही भाषणच होतं. पुढं प्रत्येक इंजेक्शनला एसटीनं तिला घेऊन तोच गेला.

आता अंबूबाईनं लपवणं सोडलं. दारात बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पिकल्या डोक्याला अडवायची. "ये धोंडुबाई, एक डोळा झाक. दोरी कशी दिसतीया सांग. आता दुसरा झाक." काही जण बघायचे, काही जण म्हातारीला चळ लागलाय म्हणून हसून पुढं जायचे. हसणाऱ्याला ती शिव्या द्यायची, अगदी कोल्हापुरी शिव्या. वळख दाखवत न्हाय म्हणणाऱ्यांना तर दोन जास्तच.

आजऱ्यात तेजस्वीला मुलगी झाली. बारसं तिकडंच झालं. अंबूबाईचं तेव्हा इंजेक्शन होतं, तिला जाता आलं नाही. पोरानं अंग धरल्यावर बायडाबाई लेकीला आणि नातीला घेऊन गाडीतून उतरली, तेव्हा अंगणात अख्खी भावकी जमली होती. चौकटीत अंबूबाई उभी होती, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. आधी तिनं कोयरी घेतली, नीट बघितलं आणि बायडाबाईच्या कपाळाला कुंकू लावलं. मग भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि बाळ हातात घेतलं. तेजस्वीनं ते स्वतः तिच्या हातात दिलं.

अंबूबाईनं मान जराशी वळवली, उजवा डोळा बाळावर आणला. कडेला किंचित लाट होती, पण तोंड दिसलं. नाक दिसलं, मिटलेले डोळे दिसले, हनुवटीवरचा दुधाचा ओघळ दिसला. "नाक आजऱ्याचं घेतलंय बयेनं," ती म्हणाली आणि मग तिला पुढं बोलता येईना. डावा डोळा झाकून तिनं परत बघितलं, उजवा झाकून बघितलं. उजवा झाकल्यावर बाळाच्या जागी दुपट्याची कड तेवढी राहिली. हे निम्मं तोंड ह्या लोकांनी हसता हसता घालवलं, हे ती त्या आनंदातही विसरली नाही.

"वैनी, अजून दोरी टांगलेली हाय व्हय?" मागून गणपतरावाचा आवाज आला. बोटांत बिडी, तोंडावर तेच हसू. "आता तरी सरळ दिसतीया का?"

"तुमीच बगा की भावजी. एक डोळा झाका."

"हे बगा झाकला." गणपतरावानं चार लोकांकडं बघत डोळ्यावर तळवा धरला. "सरळ. एकदम सरळ! आता दुसरा." तळवा दुसऱ्या डोळ्यावर गेला. हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. तो एक पाऊल पुढं आला, मान तिरकी केली. "विजू," तो म्हणाला, "ही दोरी मधी कुणी वढून धरलीया का रं?"

दोरीजवळ कुणीच नव्हतं. वजन स्थिर लोंबत होतं. ज्या अंगणात त्या दिवशी सगळे हसले होते त्याच अंगणात आता कुणी हसेना. गणपतरावाची बिडी बोटांत जळत राहिली आणि त्याचा तळवा डोळ्यावरून निघेना.

अंबूबाईच्या जिभेच्या टोकावर त्याचंच वाक्य आलं होतं. चौकट सरळ, दोरी सरळ. किती महिने तिनं ते परत करायला जपून ठेवलं होतं. तिनं ते गिळलं. बाळ बायडाबाईच्या हातात दिलं.

"विजू, गाडी काढ."

"आत्ता? आई, पंगत बसायची हाय. उद्या सकाळी—"

"जेवान थांबतंय, डोळा थांबत न्हाय," अंबूबाई ओरडली. "गाडी काढ म्हणते न्हवं!"